परतीची मांजरं

संपादिकाबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे मांजरांच्या किती गमती असतील ना! दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं लिहा. दोन-चार गोंडस फोटोही पाठवा."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि बाथरूममध्ये गेले. तिथे टोपलीत तीन पिल्लं होती. भांडुपच्या एका घरात सणाची साफसफाई निघाली, माळ्यावरचे जुने डबे खाली आले, त्यांच्यामागे मांजर व्यायलेली. डबे भंगारवाल्याला दिले आणि पिल्लं कचऱ्याच्या पिशवीत घातली. पिशवीला वरून गाठ मारलेली होती. गाठ मारणाऱ्या बाईंच्या दारात लक्ष्मीची पावलं काढलेली होती, असं पिशवी आणून देणाऱ्या सफाईवालीने सांगितलं.

तेव्हा हलकंफुलकं मला जमणार नाही. छापायचं तर छापा.

मी मुलुंडला राहते, एका पतपेढीत काउंटरवर बसते आणि गेली दहा-बारा वर्षं रस्त्यावर सापडलेली मांजरं घरी ठेवून, बरी करून, पुढे दत्तक देते. या कामाला फोस्टर म्हणतात. मराठी शब्द मलाही सापडलेला नाही. मांजरी आपली पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात ना, ते फिरवणं ज्यांच्या आईला जमलं नाही त्यांच्यासाठी आम्ही करतो. लोकांना वाटतं आमचा कुठेतरी मोठा आश्रम आहे. आश्रम कसला! कोणाची बाल्कनी, कोणाचं जादाचं बाथरूम, कोणाच्या पलंगाखालची जागा. आमच्या घरात दोन बाथरूम आहेत, त्यातलं एक माणसांचं. माझा नवरा विलास पाहुण्यांना तसंच सांगतो, "उजवीकडचं आपलं, डावीकडचं त्यांचं. चुकून उघडू नका."

पिल्लू आलं की आधी वेगळं ठेवायचं, जंताचं औषध, मग लसी. अगदी लहान असेल तर सिरिंजने दूध, आणि प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पोटाखाली पुसायचं, तेव्हा कुठे ते शू करतं. त्याची आई ते चाटून करते, हे आम्हाला पहिली दोन पिल्लं गेल्यावर कळलं. मोठं झालं की नसबंदी, आणि तेव्हा कानाचं टोक कापतात. ती खूण. मग घर शोधायचं. घराच्या खिडक्यांना जाळी हवी, ही आमची अट. "मांजर कुठूनही पडलं तरी पायावरच पडतं हो," हे मला दर दुसरा माणूस ऐकवतो. चौदाव्या मजल्यावरून पडलेलं मांजर मी चादरीत गुंडाळून नेलंय. पायावरच पडलं होतं.

आणि माणसं! अंधेरीचे एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मांजर वरणभातावर राहील ना?" मी म्हटलं, "राहील की, तुम्ही उंदरावर राहात असाल तर." घाटकोपरच्या एका बाईंना मांजर हवं होतं ते फक्त उंदीर संपेपर्यंत. संपले की परत. पवईच्या एका जोडप्याने आमच्याकडून मांजर नेलं, वर्षभर त्याचे वाढदिवसाच्या टोपीतले फोटो टाकले, आणि नवीन सोफा आल्यावर परत आणलं. परत आणलं म्हणजे काय, तर वर आलेसुद्धा नाहीत. खालून फोन, "मॅम, पार्किंग नाहीये, वॉचमनकडे ठेवलंय." कुरिअर ठेवतात तसं. खाली गेले तर पिंजरा भर उन्हात आणि आतलं मांजर प्रत्येक गाडीच्या आवाजाला कान टवकारतंय.

मी फार बोलणारी बाई नाही. पतपेढीत माझ्या शेजारी बसणाऱ्यांना मी आजारी आहे की रागावलेय हे कळत नाही. पण या कामात मी फोनवर बोलायला शिकले, म्हणजे ओरडायला शिकले. समोर माणूस नसला की मला शब्द सापडतात. आमच्या गटाचं सगळं जुळवाजुळवीचं काम सुजाता बघते. ती नर्स आहे, घाटकोपरला राहते, आणि माझ्याहून लहान असून मला अगंतुगं करते. ती म्हणायची, "बाई, तू फोन उचलूच नकोस गं. तुझं ऐकून माणूस मांजर सोडून स्वतःच पळून जाईल." मला ते कौतुक वाटायचं.

आमच्यात एक शब्द देण्याची रीत आहे. मांजर नव्या घरी सोडून निघताना, दारात चपला घालता घालता, आम्ही सांगतो, "काहीही झालं तरी रस्त्यावर सोडायचं नाही. नाहीच जमलं तर आम्हाला परत द्या. कधीही. कारण विचारणार नाही." बाकी सगळ्या अटी मोडल्या तरी चालतील, ही मोडायची नाही, कारण घरात वाढलेलं मांजर रस्त्यावर टिकत नाही. त्याला गाडी कळत नाही, कुत्रा कळत नाही. ते माणसाकडे जातं. कितीतरी उंबऱ्यांवर मी हे वाक्य म्हटलंय. आणि त्यातलं "कारण विचारणार नाही" एवढं मी एकदाही पाळलेलं नाही. मी कारण विचारायचे, ते ऐकायचे आणि त्या कारणाच्या चिंध्या करायचे.

हे सगळं सांगायचं ते सुकटसाठी.

सुकट भांडुपच्या मच्छी मार्केटमागे सापडली. मागचा पाय मोडलेला, अंगावर हाडांखेरीज काही नाही. माझ्या सासूबाई मालवणच्या. त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यां मांजार म्हणतस? ह्यां तर सुकट!" तेच नाव राहिलं. पायाचं ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण चालताना कंबरेला एक हिसका कायमचा बसला, ठेच लागल्यासारखा. मोठं मांजर, त्यात लंगडं, कोणी घेत नव्हतं. ती आमच्या डावीकडच्या बाथरूममध्ये सबंध पावसाळा आणि हिवाळा राहिली. विलास म्हणाला, "ठेवूया का गं हिला?" मी नाही म्हटलं. फोस्टरने मांजर ठेवून घ्यायचं नसतं. एक ठेवलं की त्या जागी पुढे येणाऱ्या सगळ्यांचं दार बंद होतं. असं मी त्याला सांगितलं आणि मग गॅलरीत जाऊन बराच वेळ कपडे वाळत घातले.

मग ऋतुजा आली. मूळची चिपळूणची, अंधेरीत नोकरी, बोरिवलीला मैत्रिणीबरोबर भाड्याच्या घरात. लहान पिल्लू नको म्हणाली. "काकू, मी दिवसभर नसते. मोठं असेल तर बरं. आणि जिला कोणी घेत नाही ती द्या." सुकटला भेटायला ती एकापाठोपाठ कितीतरी रविवार आली. घरमालकाच्या पाया पडून स्वतःच्या खर्चाने खिडक्यांना जाळ्या लावल्या. मी आजवर ज्यांना मांजरं दिली त्यांत तिच्यासारखी दुसरी नव्हती. हे मी आत्ता लिहितेय. तिला कधी सांगितलं नव्हतं.

दोनेक वर्षं छान गेली. महिन्याला फोटो यायचा. सुकट उशीवर, सुकट लॅपटॉपवर, सुकट दाराशी वाट बघत.

मग एका दुपारी तिचा फोन आला. पवईवाले मांजर वॉचमनकडे टाकून गेले त्याच आठवड्यात. ते मांजर अजून खात नव्हतं. मी त्याच्यासमोर वाटी घेऊन बसले होते.

"काकू, थोडं बोलायचं होतं. माझं लग्न ठरलंय."

"अभिनंदन. मग?"

"कुर्ल्याला घर आहे त्यांचं. जॉइंट फॅमिली. सासऱ्यांना दमा आहे, काकू. म्हणजे मी सगळ्यांना सांगितलं होतं आधी, पण आता ते..."

मला पुढचं वाक्य माहीत होतं. हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय. मी तिला ते बोलूच दिलं नाही.

"नवरा पसंत करताना सगळं बघितलंस ना? खोल्या किती, पगार किती? मांजराचं तेवढं आता आठवलं?"

"तसं नाही काकू, ऐका ना..."

"काय ऐकू? मोडकं मांजर घेतलं की चार जण वाहवा करतात. ती घेऊन झाली. आता कंटाळा आला. उद्या मूल झालं आणि सासऱ्यांना दमा लागला, तर तेही परत द्यायला येशील का गं?"

ती म्हणाली, "नाही काकू. मी सहजच फोन केला होता. बघते मी काहीतरी." आणि फोन ठेवला.

मला त्या दिवशी काय वाटलं ते खरं सांगते. मला हलकं वाटलं. पवईवाल्यांना जे बोलायला मिळालं नव्हतं ते कोणालातरी बोलून झालं. मी आमच्या ग्रुपवर लिहिलं, "बोरिवलीचं परत येत होतं. थांबवलं." खाली टाळ्यांची रांग लागली. सुजाताने तेवढं विचारलं, "थांबवलंस म्हणजे? काय ठरलं?" मी लिहिलं, "बघते म्हणाली."

त्यानंतर फोटो मागितला की उत्तर यायचं, "मजेत आहे काकू." फोटो यायचा नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. लग्नाच्या गडबडीत असेल, असं मी मला सांगितलं. इतकी वर्षं काम केलेल्या बाईला "मजेत आहे" म्हणजे काय ते कळायला हवं होतं. कळलंच होतं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर जिग्नाबेनचा व्हिडिओ आला. या बोरिवलीला रस्त्यावरच्या मांजरांना खाऊ घालतात, आमच्या गटाशी फोनवर संबंध. व्हिडिओत एका बिल्डिंगची लिफ्ट. दार उघडतं, माणसं बाहेर येतात, आणि एक मांजर उठून प्रत्येकाच्या पायाशी जातं, तोंड वर करून बघतं आणि पुन्हा लिफ्टसमोर बसतं. जिग्नाबेनचा आवाज, "देखो ना ताई, ये घर की बिल्ली है. कोई छोड के गया. कोणी पण आला की त्याला बघते, मग बसते." ते मांजर उठलं तेव्हा त्याच्या कंबरेला हिसका बसला.

मी सुजाताला फोन केला. "सोडली गं तिने! त्या मुलीने सुकटला रस्त्यावर सोडली! आता बघ मी तिला..."

"आधी मांजर," सुजाता म्हणाली. "शिव्या नंतर."

लिंक रोडने रिक्षा करून आम्ही बोरिवली गाठली तर सुकट लिफ्टशी नव्हती. जिने रंगवायला काढले होते. रंगाऱ्यांच्या पायात येते म्हणून कोणीतरी तिच्या अंगावर बादली ओतली होती. आदल्या दिवसापासून ती मागच्या बाजूला, पंपाच्या खोलीमागच्या बोळात कुठेतरी शिरली होती. जिग्नाबेनने दाखवलं, पाइपांच्या गुंत्याआड. घरचं मांजर एकदा असं भेदरलं की परक्या हाताला येत नाही. हाकेच्या अंतरावर दडून उपाशी बसतं. ज्याच्या उशाशी झोपलं त्याच्याच आवाजाला काय ते बाहेर येतं. मी हाका मारल्या. दुपार संपेपर्यंत मारल्या. एकदा पाइपांमागे काही हललं, मी पुढे सरकले, तर ते आणखी आत गेलं. तीन हिवाळ्यांपूर्वी मी तिचं पोट पुसलं होतं, पाय चोळले होते. तिला माझ्या आवाजाची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. एकदा फटाके सुरू झाले की भेदरलेलं मांजर जे पळतं ते सापडत नाही. आमच्या हातात एक संध्याकाळ होती.

"ऋतुजाला बोलव," सुजाता म्हणाली.

"तिने टाकली आणि तिलाच बोलवू?"

"दुसरं कोण आहे?"

फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. माझं नाव बघून कोण उचलेल?

"मेसेज टाक. सॉरी म्हण आणि बोलव."

"सॉरी मी म्हणू? मांजर तिने टाकलंय, सुजाता!"

"बरं, नको म्हणूस. मग ये दिवाळीनंतर, उचलायला." सुजाता असं बोलते आणि शांतपणे पिंजऱ्यातली चादर नीट करते.

मी मोबाईलवर बोलून पाठवलं, "ऋतुजा, सुकट पंपाच्या खोलीमागे आहे. आमच्याकडे येत नाही. तू ये. मी तुला काही बोलणार नाही." सॉरी मला तेव्हाही म्हणता आलं नाही.

ती तासाभरात आली. हिरवा चुडा, गळ्यात नवं मंगळसूत्र, घरी मैत्रिणीकडे जाते सांगून निघालेली. माझ्याकडे न बघता सरळ बोळाच्या तोंडाशी जाऊन जमिनीवर बसली. साडीला रंग लागला. आणि अगदी हळू, झोपलेल्या मुलाला उठवताना करतात तशा आवाजात म्हणाली, "सुकू. ए सुकू. ये बाळा. लॅपटॉप बंद केला बघ."

पाइपांमागून एक कान दिसला. टोक कापलेला.

मी मागे सरले आणि गेटकडे धावले, कारण तिथे सोसायटीच्या मोठ्या कंदिलाचं उद्घाटन होतं आणि रस्त्यावर दहा हजारांची माळ अंथरलेली मला दिसली होती. कार्टी नव्हती तिथे. चांगले पन्नाशीचे, झब्बे घातलेले कमिटीवाले होते. मी सेक्रेटरींना हात जोडले. "अर्धा तास थांबा. फक्त अर्धा तास. मागे एक मांजर पकडतोय, घाबरलेलं आहे."

ते इतरांकडे बघून हसले. "मॅडम, मांजरासाठी आता दिवाळी थांबवायची काय?"

"दिवाळी उद्यापासून आहे!"

"अहो, आमचे पाहुणे आलेत. मांजर काय, येईल परत."

कोणीतरी वात पेटवली.

मागे काय झालं ते सुजाताने सांगितलं. सुकट बाहेर आली होती. कंबरेला हिसका देत, थांबत थांबत, ऋतुजाच्या हातापर्यंत आली होती. तिने बोटांना नाक लावलं. ऋतुजाने दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवायला उचलला, तेवढ्यात माळ सुरू झाली. सुकट भिंतीवर चढली कशी, त्या पायाने, ते देव जाणे. पलीकडे रिडेव्हलपमेंटचा प्लॉट, पत्रे ठोकलेला, आत पाडलेल्या बिल्डिंगचा ढिगारा. मी धावत परत आले, आणि माळ संपेपर्यंत आम्ही तिघी भिंतीशी उभ्या होतो. नंतर आवाज थांबला, धूर राहिला, गेटकडून टाळ्या ऐकू आल्या.

सुकट सापडली नाही. सापळे लावले, पत्रकं चिकटवली, प्लॉटच्या मुकादमाच्या विनवण्या केल्या. ऋतुजा अजूनही कधी ऑफिसातून तिथे जाते, पत्र्याशी उभी राहून हाक मारते. मीही जाते. मी हाक मारत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही गेटबाहेर रिक्षा शोधत होतो. ऋतुजाचं कोपर भिंतीला घासून खरचटलं होतं. ती म्हणाली, "मी खूप जणांना विचारलं, काकू. चिपळूणला आईलापण. कोणी घेईना. माझ्या या जुन्या बिल्डिंगमध्ये सगळे तिला ओळखतात, जिग्नाबेन खायला घालतील, वाटलं. पहिले काही दिवस रोज येत होते बघायला."

मी रिक्षांना हात करत राहिले. काही बोलणार नाही, असं कबूल केलं होतं.

मग तिने विचारलं, "त्या दिवशी मी आणून दिली असती, तर तुम्ही घेतली असती?"

"म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः येऊन घेऊन गेले असते."

"मग तेवढंच का नाही म्हणालात?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला उत्तर देता आलं असतं. तिला खरंच कळत नव्हतं. रिक्षा आली, ती बसून गेली.

मला राग आहे. त्या मुलीचा आहे, अजून आहे. ज्या हाताने जाळ्या लावल्या त्याच हाताने मांजर लिफ्टबाहेर सोडलं, ते मी विसरणार नाही. झब्बेवाल्यांचा आहे. पिशवीला गाठ मारणारीचा आहे, पार्किंग न मिळालेल्यांचा आहे. पण आम्ही दारात एक शब्द देतो आणि त्याच्या भरवशावर लोक मांजर नेतात. तो शब्द त्या दुपारी मी मोडला, ऋतुजाने नंतर. आणि मी मोडला याला ग्रुपवर टाळ्या मिळाल्या. ग्रुपवर मी हे आजवर लिहिलेलं नाही. आता इथे वाचतील.

मी सुधारलेय असं काही सांगणार नाही. परवाच एकाला म्हटलं, "ट्रान्सफर झाली की बायकोलापण सोडून जाणार का?" जीभ तीच आहे. पण त्याच श्वासात म्हटलं, "कधी आणताय?"

तेव्हा तुमच्याकडे असं घेतलेलं मांजर असेल, आणि कधी वेळ आली, खरी किंवा सोफ्याची, तर ज्या बाईने ते तुमच्या दारात दिलं तिला फोन करा. ती ओरडेल. तुमच्या संस्कारांवर जाईल, बायकोवर जाईल, मुलांवर जाईल. ओरडू दे. मोबाईल कानापासून लांब धरा, तिचं संपलं की "मांजर घेऊन येतोय" एवढं सांगा. पुन्हा ओरडली तर पुन्हा सांगा. पण फोन ठेवू नका.